आकडा आधी, टूल नंतर: नेटवर्किंग, फायबर आणि सायबर सुरक्षेतल्या संशोधनाची सुरुवात

संशोधनाकडे नव्याने वळणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "कोणतं टूल शिकू?" वायरशार्क, एनएस-3, मिनिनेट, काली लिनक्स अशी यादी हातात पडते आणि पुढचे कित्येक महिने त्या यादीतच जातात. टूल शिकावी लागतातच, पण त्यांची पाळी नंतरची. नेटवर्किंगमध्ये प्रोटोकॉल आणि कोड, प्रकाशीय संदेशवहनात भौतिकशास्त्र, सुरक्षेत हल्लेखोराच्या डोक्याने विचार करणं, असे तीन वेगळे स्वभाव आहेत. तरी तिन्हीकडे नवख्याला उपयोगी पडणारं कौशल्य एकच आहे: प्रयोग चालवण्याआधी उत्तर साधारण किती यायला हवं, हे कागदावर काढता येणं. ज्याने आधी आकडा लिहून ठेवला त्याला निकाल चुकीचा आलाय हे लगेच कळतं. ज्याने लिहिला नाही, तो चुकीच्या आलेखावरही प्रबंधाचं प्रकरण रचून बसतो.

पुढच्या पायऱ्या वाचताना टीसीपी-आयपीची तोंडओळख आहे आणि लिनक्सच्या टर्मिनलची भीती नाही, एवढं गृहीत धरलं आहे.

पायरी 1: फायबरमधला प्रकाशाचा वेग लक्षात ठेवा

निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर जातो. काचेच्या फायबरमध्ये अपवर्तनांक 1.47 च्या आसपास असल्याने तो वेग 2 लाख किलोमीटरवर येतो. म्हणजे 1000 किलोमीटर एका बाजूने जायला 5 मिलिसेकंद, जाऊन परत यायला 10. हा एक आकडा तोंडपाठ असला की पिंगच्या प्रत्येक उत्तराकडे बघण्याची नजर बदलते.

आता आपल्या मशीनवरून वेगवेगळ्या देशांतल्या, जागा नक्की माहीत असलेल्या सर्व्हरना पिंग करा. अशा विद्यापीठांचे सर्व्हर निवडा जे स्वतःच्याच आवारात चालतात. मोठ्या कंपन्यांचे नकोत, कारण त्यांचं उत्तर बहुतेक वेळा जवळच्याच कुठल्यातरी नोडवरून येतं. नकाशावरचं सरळ अंतर काढा, किमान वेळ किती हवा ते लिहा आणि प्रत्यक्ष वेळेशी ताडून बघा. प्रत्यक्ष वेळ जवळजवळ नेहमीच जास्त भरेल, बऱ्याचदा दुपटीने किंवा त्याहून जास्त. केबल सरळ रेषेत जात नाही, रूटिंग अंतरापेक्षा कंपन्यांच्या आपसातल्या करारांवर चालतं, वाटेत रांगा लागतात. यातलं नेमकं कोणतं कारण किती जबाबदार, हा आजही जिवंत संशोधनाचा विषय आहे. ट्रेसरूट आणि राइप ॲटलससारखं खुलं मोजमापाचं जाळं वापरून त्यात हात घालता येतो.

उलट बाजूने पाहिलं तर हाच आकडा सुरक्षेच्याही कामाला येतो. एखाद्या सर्व्हरचं उत्तर 4 मिलिसेकंदांत परत आलं, तर तो 400 किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाही, मालक काहीही म्हणो. उशीर खोटा वाढवता येतो, कमी करता येत नाही. 2018 च्या आयएमसी या इंटरनेट मोजमापावरच्या परिषदेत झॅकरी वाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी याच तर्काने व्हीपीएन कंपन्यांचे सर्व्हर तपासले आणि किमान एक तृतीयांश सर्व्हर जाहिरातीतल्या देशात नाहीतच असं दाखवलं. भौतिकशास्त्रातला आकडा, नेटवर्कचं मोजमाप आणि सुरक्षेचा प्रश्न एकत्र आल्यावर काय होतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळतं. तो निबंध मिळवून वाचाच.

पायरी 2: वाचन, पण बेताने

शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा नसतो. एस. केशव यांनी 2007 मध्ये मांडलेली तीन फेऱ्यांची पद्धत अजूनही सगळ्यात व्यवहारी वाटते. पहिल्या फेरीत शीर्षक, सारांश, प्रस्तावना, उपशीर्षकं आणि निष्कर्ष एवढंच. दुसऱ्या फेरीत आकृत्या आणि आलेख नीट बघायचे. तिसऱ्या फेरीत लेखकांच्या जागी स्वतःला ठेवून ते काम मनातल्या मनात पुन्हा उभं करायचं. बहुतेक निबंध पहिल्या फेरीतच बाजूला पडतात, त्यात काही वावगं नाही. आलेख बघताना एक सवय लावून घ्या: आधी अक्ष बघा, उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का ते बघा, प्रयोग किती वेळा केला आणि चढउताराची पट्टी दाखवली आहे का ते बघा.

कुठून सुरुवात करावी? नेटवर्किंगसाठी माझं मत पक्कं आहे: व्हॅन जेकबसन यांचा 1988 चा गर्दी-नियंत्रणावरचा निबंध. ऑक्टोबर 1986 मध्ये बर्कलीतल्या दोन संस्थांमधला, जेमतेम 400 यार्डांचा दुवा सेकंदाला 32 किलोबिटवरून 40 बिटांवर कोसळला. असं का व्हावं, या प्रश्नातून आजच्या टीसीपीचा गाभा निघाला. प्रश्न कसा पकडायचा हे त्यातून शिकायला मिळतं, शिवाय भाषाही सोपी आहे.

निबंधांच्या जोडीला आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या प्रोटोकॉलचे अधिकृत दस्तऐवज, वाचायला लागा. त्या रुक्ष वाटतात, पण प्रोटोकॉल खरोखर कसा वागायला हवा याचा शेवटचा शब्द तिथेच असतो. वरच्या कोपऱ्यात ती आरएफसी रद्द होऊन नवी आली आहे का, हे आधी बघायचं. टीसीपीसाठी अजूनही अनेक जण 1981 ची आरएफसी 793 उद्धृत करतात. 2022 मध्ये तिची जागा 9293 ने घेतली आहे. आणि आजच्या जवळजवळ प्रत्येक आरएफसीच्या शेवटाकडे सुरक्षेच्या बाबींचा एक विभाग असतो. विषय शोधणाऱ्यासाठी ती खाण आहे: "हे इथे धोक्याचं ठरू शकतं" असं लेखकांनी स्वतःच लिहून ठेवलेलं असतं, आणि प्रत्यक्षात ते कुठे कुठे तसंच राहिलं आहे हे मोजायचं काम बऱ्याचदा कुणी केलेलं नसतं.

नवं काय चाललंय ते कुठे बघायचं: नेटवर्किंगसाठी सिगकॉम, एनएसडीआय, आयएमसी; सुरक्षेसाठी युझनिक्स सिक्युरिटी, सीसीएस, एनडीएसएस आणि आयट्रिपलईची सुरक्षा परिषद; फायबरसाठी ओएफसी, ईकॉक आणि जर्नल ऑफ लाइटवेव्ह टेक्नॉलॉजी. युझनिक्सचे निबंध सगळ्यांना फुकट वाचता येतात, पैसे भरून काही विकत घेण्याआधी हे ध्यानात असू द्या.

पायरी 3: एक प्रयोग अगदी शेवटपर्यंत न्या

इथे थोडं थांबू, कारण नवखे सगळ्यात जास्त घाई इथेच करतात.

मिनिनेट हे एकाच लिनक्स मशीनवर आभासी नेटवर्क उभं करणारं टूल आहे. त्यात दोन होस्ट आणि मध्ये दोन स्विच अशी साधी रचना करा. दोन स्विचमधली लिंक सेकंदाला 100 मेगाबिटची ठेवा आणि तिची रांग 1000 पॅकेटांची. डेटा पाठवणाऱ्या होस्टच्या लिंकवर 20 मिलिसेकंदांचा उशीर घाला. उशीर आणि बँडविड्थची मर्यादा मुद्दाम वेगवेगळ्या लिंकवर ठेवायची. दोन्ही एकाच ठिकाणी घातल्या, तर उशिरात अडकलेली पॅकेटंही त्याच रांगेत मोजली जातात आणि सगळा हिशेब गढूळ होतो.

आता काहीही चालवण्याआधी कागद घ्या. जाऊन-येऊन वेळ 40 मिलिसेकंद. 100 मेगाबिट गुणिले 0.04 सेकंद म्हणजे 4 मेगाबिट, म्हणजे 5 लाख बाइट, म्हणजे 1500 बाइटची साधारण 333 पॅकेटं. लिंक भरलेली ठेवायला एवढी पॅकेटं वाटेत असली की पुरे. पण टीसीपीचा क्युबिक अल्गोरिदम पॅकेट गळेपर्यंत वेग वाढवत नेतो, म्हणजे रांग पूर्ण भरेपर्यंत. रांगेतली 1000 पॅकेटं म्हणजे 15 लाख बाइट, 100 मेगाबिटने ती रिकामी व्हायला 120 मिलिसेकंद लागतात. तेव्हा आयपर्फ, म्हणजे लिंक डेटाने भरून वेग मोजणारं टूल, चालू असताना पिंग 40 वरून 160 पर्यंत चढायला हवा.

पुढचं पाऊल जास्त मजेचं. पॅकेट गळल्यावर क्युबिक आपली खिडकी, म्हणजे पोच येण्याआधी किती पॅकेटं पाठवायची ती मर्यादा, 0.7 पट करतो. तेव्हा वाटेत आणि रांगेत मिळून 1333 पॅकेटं होती, ती 933 होतील. त्यातली 333 वाटेत, उरलेली 600 अजूनही रांगेतच. म्हणजे सुरुवातीची धांदल संपल्यावर पिंग साधारण 110 ते 160 मध्ये वरखाली होत राहील, 40 वर परत येणारच नाही. याला बफरब्लोट म्हणतात: थ्रूपुट उत्तम, एकही बिट वाया नाही, आणि तरी व्हिडिओ कॉल अडखळतोय.

आता प्रयोग चालवा. एका टर्मिनलमध्ये आयपर्फ3 निदान एक-दोन मिनिटं, दुसऱ्या टर्मिनलमध्ये पिंग. बहुधा आकडा जुळणार नाही. पिंग 160 वर न थांबता कित्येक पटींनी वर गेला, तर ऑफलोड बघा. लिनक्सचा कर्नल सोयीसाठी अनेक पॅकेटं मिळून 64 किलोबाइटपर्यंतचा एकच मोठा तुकडा खाली ढकलतो आणि रांग त्या अख्ख्या तुकड्याला एक पॅकेट मोजते. म्हणून 1000 ची रांग प्रत्यक्षात कितीतरी मोठी निघते. इथटूल या आज्ञेने टीएसओ आणि जीएसओ हे ऑफलोडचे दोन प्रकार बंद करा आणि पुन्हा मोजा. कागदावर 160 लिहिलं नसतं तर हा घोळ कुणाला दिसलाही नसता. "आमच्या नेटवर्कमध्ये उशीर फार आढळला" असं वाक्य थेट निबंधात गेलं असतं.

आकडा जुळला की एकेक गोष्ट बदलत जा. रांग 1000 वरून 333 वर आणा आणि आधी हिशेब करा. गर्दी-नियंत्रण क्युबिकऐवजी बीबीआर करा. गूगलने 2016 मध्ये आणलेला हा अल्गोरिदम पॅकेट गळण्याची वाट न बघता लिंकची क्षमता आणि किमान वेळ यांचा अंदाज घेत चालतो, त्यामुळे पिंग 40 च्या बराच जवळ राहायला हवा. मग दोघांना एकाच लिंकवर झुंजवा. कोण किती वाटा घेतं, रांगेच्या लांबीनुसार तो वाटा कसा पालटतो, हे बघता बघता तुम्ही खऱ्या संशोधनाच्या हद्दीत शिरलेले असता.

प्रत्येक फेरी अनेकदा चालवा, कर्नलची आवृत्ती, आज्ञा आणि कच्चा डेटा फाइलमध्ये ठेवा. आलेख हाताने काढू नका, स्क्रिप्टने काढा. एखादी चूक सापडली की सगळे आलेख पुन्हा काढावे लागतात.

पायरी 4: फायबर, प्रयोगशाळा असो वा नसो

1966 मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की काच पुरेशी शुद्ध केली तर किलोमीटरमागे होणारी घट 20 डेसिबलच्या खाली आणता येईल आणि मग फायबर संदेशवहनाला उपयोगी पडेल. 20 डेसिबल म्हणजे किलोमीटरभरात 1 टक्का प्रकाश उरणं. तेवढंही त्या काळी दूरचं होतं. 1970 मध्ये कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ते गाठलं. आज 1550 नॅनोमीटर तरंगलांबीला घट किलोमीटरमागे सुमारे 0.2 डेसिबल आहे, म्हणजे तोच 1 टक्का आता 100 किलोमीटरनंतर उरतो. काव यांना 2009 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

डेसिबलची भीती घालवायला दोनच गोष्टी पुरतात: 3 डेसिबल घट म्हणजे निम्मं, 10 डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा. बाकी सगळी बेरीज-वजाबाकी. 80 किलोमीटरच्या लिंकसाठी 16 डेसिबल फायबरचे, एक-दोन डेसिबल कनेक्टर आणि जोडांचे, वर 3 डेसिबल राखीव. 1 मिलिवॉट आत सोडला तर रिसीव्हरला किती मिळेल आणि तो तेवढ्यावर वाचू शकेल का, हे डेटाशीट बघून ठरवायचं. याला पॉवर बजेट म्हणतात आणि प्रकाशीय नेटवर्कमधली प्रत्येक चर्चा इथून सुरू होते.

पण प्रकाश पुरेसा पोचला म्हणजे बिट वाचता आले असं नाही. साध्या सिंगल-मोड फायबरमध्ये 1550 नॅनोमीटरला प्रकाशाचा ठोका दर किलोमीटरला, सिग्नलच्या वर्णपटाच्या दर नॅनोमीटर रुंदीमागे सुमारे 17 पिकोसेकंद पसरतो. 80 किलोमीटरला हा पसरटपणा दर नॅनोमीटरमागे 1360 वर जातो. 0.1 नॅनोमीटर रुंदीच्या सिग्नलसाठी ढोबळमानाने 136 पिकोसेकंद, आणि 10 गिगाबिटला एका बिटाची जागाच 100 पिकोसेकंदांची. बिट शेजारच्या बिटात घुसतो. वेग चौपट केला की ही सहनशक्ती सोळा पटींनी घटते, कारण बिट अरुंद होतो आणि सिग्नलचा वर्णपटही रुंदावतो. आजचे कोहेरंट रिसीव्हर, म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेसोबत त्याची कलाही वाचणारे रिसीव्हर, हा पसरटपणा डिजिटल गणिताने उलटवतात, म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याला आता प्रकाशशास्त्राइतकंच सिग्नल प्रोसेसिंग यावं लागतं.

प्रयोगशाळा नसेल तर जीएनपाय हे खुलं पायथन साधन घ्या. त्यात फायबरचे टप्पे, ॲम्प्लिफायर मांडून शेवटी सिग्नल-टू-नॉइज किती उरेल याचा अंदाज काढता येतो. प्रयोगशाळा असेल तर दोन नियम, आणि त्यांत सूट नाही. फायबरच्या टोकात कधीही डोळा लावून बघायचं नाही. 1550 चा प्रकाश दिसतच नाही, तेव्हा "बंद आहे" हे डोळ्याला कळणार नाही. आणि प्रत्येक कनेक्टर जोडण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, पुसायचा, परत बघायचा. गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा असतो, धुळीचा एक कण तो अर्धा झाकू शकतो. विचित्र निकालांचं कारण अनेकदा समीकरणात सापडत नाही, कनेक्टरवर सापडतं.

पायरी 5: सुरक्षा, आणि 99 टक्क्यांचा मोह

आधी सीमारेषा. दुसऱ्याच्या मशीनवर परवानगीशिवाय स्कॅन किंवा हल्ला करायचा नाही, "फक्त अभ्यासासाठी" असला तरी. आभासी मशीनचं, बाहेरच्या जगाशी तोडलेलं नेटवर्क उभारा आणि काय करायचं ते तिथे करा. 2012 चा मेन्लो अहवाल या क्षेत्रातल्या नीतिमत्तेचा पाया आहे, तो वाचा. संस्थेत नीतिमत्ता समिती असेल तर प्रयोगाआधी तिच्याकडे जा, नंतर नव्हे. 2021 मध्ये लिनक्स कर्नलमध्ये मुद्दाम सदोष बदल पाठवून बघणाऱ्या संशोधकांच्या अख्ख्या विद्यापीठाचंच योगदान कर्नलच्या सांभाळकर्त्यांनी थांबवलं होतं आणि निबंध मागे घ्यावा लागला होता. खरी त्रुटी सापडली तर आधी संबंधितांना कळवा आणि दुरुस्तीला वेळ द्या. 90 दिवसांची मुदत आता बऱ्यापैकी रूढ आहे.

आता नवख्यांचा सगळ्यात लाडका विषय: मशीन लर्निंग वापरून घुसखोरी ओळखणं. एक डेटासेट उतरवायचा, त्यावर मॉडेल चालवायचं, अचूकता 99 टक्के, की निबंध तयार. असे निबंध पोत्याने आहेत. अजून एकाची भर घालण्याआधी दोन गोष्टी करून बघा.

पहिली, हिशेब. समजा दिवसाला 10 लाख कनेक्शन जातात आणि त्यांतली 100 खरोखर दुष्ट आहेत. तुमचं मॉडेल 99 टक्के हल्ले पकडतं आणि फक्त 1 टक्का निर्दोष कनेक्शनवर खोटा इशारा देतं. म्हणजे 99 खरे इशारे आणि सुमारे 10 हजार खोटे. पाळीवर बसलेला माणूस शंभर इशारे तपासेल तेव्हा त्यातला एखादा खरा निघेल. दुपारपर्यंत तो इशारे बघणंच सोडून देईल. स्टेफान ॲक्सेलसन यांनी 1999 मध्येच हे मांडलं होतं, तरी आजही अनेक निबंधांत खोट्या इशाऱ्यांचा दर एका ओळीत उरकलेला दिसतो. सुरुवात इथून करा: माणसाला दिवसाला किती खोटे इशारे सोसवतील? तिथून उलटं येऊन मॉडेलला किती अचूक व्हावं लागेल ते काढा.

दुसरी गोष्ट, डेटा डोळ्यांनी बघा. घुसखोरी ओळखण्याच्या चाचणीसाठी बनवलेल्या 1999 च्या प्रसिद्ध डार्पा डेटासेटचं 2003 मध्ये मॅथ्यू महोनी आणि फिलिप चॅन यांनी विश्लेषण केलं. त्यात हल्ल्याच्या पॅकेटांचा टीटीएल (प्रत्येक राउटरवर एकाने कमी होणारा पॅकेटातला आकडा) 126 किंवा 253, आणि बहुतेक साध्या पॅकेटांचा 127 किंवा 254, असं दिसलं. हल्ला ज्या मशीनवरून सोडला तिच्या जागेमुळे पडलेला हा फरक. तेव्हा टीटीएलचा एकच रकाना बघणारं मॉडेल कितीतरी हल्ले "ओळखतं", आणि हल्ल्याबद्दल काडीचंही शिकलेलं नसतं. तुमच्या डेटासेटवर एकेका रकान्यावर साधा निर्णयवृक्ष चालवून बघा. एकट्या रकान्यावर अचूकता भरमसाट आली, तर तो रकाना खऱ्या जगात तसाच राहील का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि प्रशिक्षण-चाचणीची विभागणी काळानुसार करा: आधीच्या दिवसांवर शिकवा, नंतरच्या दिवसांवर तपासा. यादृच्छिक विभागणीत एकाच हल्ल्याचे तुकडे दोन्हीकडे जातात.

पायरी 6: स्वतःचा प्रश्न

चांगला पहिला प्रश्न लहान असतो आणि उत्तर "नाही" आलं तरी लिहिण्याजोगा असतो. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे आवडलेल्या एका निबंधातला एकच आलेख स्वतः पुन्हा काढून बघणं. जुळला तर एक गृहीतक बदला. नाही जुळला तर का, ते शोधा, आणि लेखकांना नम्रपणे लिहा. बहुतेक जण उत्तर देतात.

तिन्ही क्षेत्रांच्या सीमेवर जागा अजून बरीच मोकळी आहे. फायबर वाकवला तर थोडा प्रकाश बाहेर गळतो आणि त्यातून डेटा चोरता येतो, घट मात्र इतकी कमी की पॉवर मोजून ती सहज कळत नाही. पण कोहेरंट रिसीव्हर प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरही (त्याच्या लहरीच्या कंपनाच्या दिशेवर) सतत लक्ष ठेवून असतो, आणि फायबरला हात लागला की ते हलतं. 2021 मध्ये क्यूरी या समुद्री केबलवरच्या ध्रुवीकरणातून भूकंप टिपल्याचं संशोधन प्रसिद्ध झालं. मग त्याच सिग्नलातून केबलशी झालेली छेडछाड आणि वाऱ्याने हलणारी खांबावरची केबल यांत फरक करता येईल का? खोट्या इशाऱ्यांचा वरचा हिशेब इथेही जसाच्या तसा लागू पडतो.

पायरी 7: लिहा आणि पाठवा

आलेख आधी तयार करा, मग त्यांच्याभोवती मजकूर. प्रस्तावना सगळ्यात शेवटी. मर्यादांचा विभाग स्वतः लिहा. परीक्षकाने शोधून काढला तर जास्त महागात पडतं. पहिलं काम मोठ्या परिषदेला न पाठवता तिच्याच जोडीला होणाऱ्या कार्यशाळेला किंवा पोस्टर सत्राला पाठवावं: पानं कमी, आणि त्या विषयात बुडालेल्या माणसांचे अभिप्राय मिळतात. कोड आणि डेटा सोबत द्या. त्याआधी मित्राच्या कोऱ्या मशीनवर, तुम्ही तोंडाने काहीही न सांगता, तो चालतो का ते बघा. आणि मुदतीच्या तारखेपुढे एओई (एनीव्हेअर ऑन अर्थ) लिहिलेलं असेल तर ती वेळ यूटीसीच्या 12 तास मागे असलेल्या पट्ट्यातली असते. आपल्या घड्याळात ती किती वाजता येते ते आदल्या आठवड्यातच काढून ठेवा.